तेरा कोटींचा हिशेब

नाशिकजवळ टाकळीला नंदिनी नदी गोदावरीला मिळते. सतराव्या शतकात जांब गावाहून, लग्नाच्या बोहल्यावरून पळून आलेला नारायण ठोसर नावाचा मुलगा इथे बारा वर्षं राहिला आणि ‘श्रीराम जयराम जय जय राम’ या तेरा अक्षरी मंत्राचा त्याने तेरा कोटी जप केला, असं समर्थ संप्रदाय मानतो. सकाळी नदीच्या कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं ते माध्यान्हीपर्यंत. मग पंचवटीत माधुकरी, जेवण, दुपारी वाचन-लेखन. वाल्मीकी रामायणाची त्याने स्वहस्ते केलेली नक्कल धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जपलेली आहे. लोक त्याला समर्थ रामदास म्हणू लागले ते पुढे.

तेरा कोटी हा आकडा ऐकला की भाविक हात जोडतात आणि चिकित्सक हसतात. भागाकार कुणीच करत नाही. बारा वर्षं म्हणजे ४,३८३ दिवस. रोजचे झाले २९,६६० जप. एका मंत्राला दीड सेकंद धरला, आणि दीड सेकंद ही चांगलीच घाई आहे, तरी दिवसाचे बारा तास वीस मिनिटं होतात. नदीतला वेळ फार तर सहा-सात तासांचा. मग उरलेला जप बसवायचा कुठे? टाकळी ते पंचवटी चालताना, दारोदार भिक्षा मागताना, झोळी धुताना, अंथरुणावर पाठ टेकल्यावर. आकडा आख्यायिकेतला असेलही. पण ज्यांनी तो पुढच्या पिढ्यांना सांगितला त्यांना जपाचं एक मर्म नक्की माहीत होतं: आसनावरचा वेळ हा जपाचा थोडा भाग, बाकीचा सगळा दिवसभराच्या कामांत मुरलेला असतो.

आजकाल ध्यानाची जाहिरात बघावी तर समुद्रकिनारा, मिटलेले डोळे, चेहऱ्यावर तृप्ती. हे पाहून बसणारा माणूस पहिल्या पाच मिनिटांतच हरतो. त्याला वाटतं, विचार थांबले पाहिजेत. आणि विचार तर आज भाजी काय करायची, काकांना फोन करायचा राहिला, वरच्या मजल्यावरचे सकाळी सकाळी फर्निचर का ओढतात, असे रांगेने येत राहतात. हा दोष त्याचा एकट्याचा नाही. हार्वर्ड विद्यापीठाच्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० साली २,२५० प्रौढांना दिवसात अधूनमधून फोनवर विचारलं: आत्ता काय करताय, आणि मन त्यातच आहे का? ४६.९ टक्के वेळा उत्तर आलं, मन भलतीकडे आहे. जागेपणीचं जवळजवळ निम्मं आयुष्य. आणि मन भलतीकडे असताना माणसं कमी आनंदात होती, भलतीकडे म्हणजे एखाद्या सुखद विषयाकडे असलं तरी हातातल्या कामात असण्यापेक्षा जास्त आनंदात नव्हती.

हे भटकणं बऱ्याच अंशी बोलण्याच्या रूपात चालतं. आपण आतल्या आत वाक्यं जुळवत असतो, कालच्या भांडणातलं सुचायला हवं होतं ते उत्तर आज देत असतो, उद्याच्या मुलाखतीची तालीम करत असतो. इथेच मंत्राचं काम सुरू होतं. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली कार्यकारी स्मृतीची जी मांडणी केली, तिच्यात शब्दांसाठी एक छोटासा फेरा आहे: ऐकलेलं किंवा वाचलेलं काही क्षण तग धरावं म्हणून आपण ते मनातल्या मनात घोळवत राहतो. हा फेरा अडवता येतो. घरच्या घरी करून पाहा. अनोळखी मोबाइल नंबर एकदा वाचा आणि तो पाठ करता करता मोठ्याने ‘राम राम राम’ म्हणत राहा. नंबर निसटतो. मनातलं बोलणं ही एकाच खिडकीची कचेरी आहे. खिडकीशी रामाला उभं केलं की बाकीच्यांना ताटकळावं लागतं. ते घरी जात नाहीत, रांगेतच कुजबुजत राहतात. पण खिडकी त्यांना मिळत नाही.

पतंजलींचा क्रम या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. योगसूत्रांच्या पहिल्याच पादात चित्तवृत्तींच्या निरोधाची व्याख्या करून ते थांबत नाहीत. ईश्वराचा वाचक प्रणव, त्याचा जप आणि त्याच्या अर्थाचं भावन, असा उपाय ते देतात आणि लगेच त्या उपायाने दूर होणाऱ्या नऊ अंतरायांची यादी करतात. त्या यादीत पहिला कोण? व्याधी. मग स्त्यान म्हणजे मनाचं जडपण, संशय, प्रमाद, आळस, विषयांची ओढ सुटत नाही ती अविरती, भ्रम, पुढची भूमी न गवसणं, आणि गवसली तरी तिथे न टिकणं. यांच्यासोबत येणारे चार सोबती तर अधिकच रोखठोक आहेत: दुःख, मनाची खिन्नता, अंगाची थरथर आणि विस्कटलेला श्वास. म्हणजे अशांत मन ओळखायचं कसं, तर हातापायांकडे आणि नाकाकडे बघून. दोन हजार वर्षांच्या आसपासचा हा मजकूर एखाद्या सावध वैद्याच्या टिपणासारखा वाचता येतो, आणि मला वाटतं तसाच वाचावा.

श्वासाचं प्रकरण जरा सविस्तर पाहू, कारण जपाचा शरीरावर दिसणारा सगळ्यात स्पष्ट परिणाम तिथेच आहे. नाथपंथापासून चालत आलेली सोऽहं साधना सांगते की माणूस दिवसरात्रीत २१,६०० श्वास घेतो आणि प्रत्येक श्वास आपोआप जप करतो; त्याच्याकडे फक्त लक्ष द्यायचं, म्हणून तो अजपा. रत्नागिरीजवळच्या पावसचे स्वामी स्वरूपानंद (१९०३–१९७४) याच परंपरेतले. २१,६०० ला चोवीस तासांनी आणि साठ मिनिटांनी भागलं की मिनिटाला बरोबर १५ श्वास येतात. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे डॉक्टर आज १२ ते २० धरतात. घड्याळ हाताशी नसणाऱ्यांचा हा अंदाज चांगलाच नेमका होता.

मंत्र म्हणताना हा आकडा बदलतो. इटलीतले हृदयरोगतज्ज्ञ लुचानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांकडून दोन गोष्टी म्हणवून घेतल्या: लॅटिनमधली ‘आवे मारिया’ ही प्रार्थना आणि तिबेटी बौद्धांचा ‘ॐ मणि पद्मे हूँ’ हा मंत्र. २००१ च्या डिसेंबरात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हा अभ्यास छापून आला. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या जवळ आला. सहा हा आकडा महत्त्वाचा का? रक्तदाबात साधारण दर दहा सेकंदांनी एक नैसर्गिक चढउतार होत असतो. श्वासही दहा सेकंदांचा झाला की दोन लाटा एका ठेक्यात येतात आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रियेची संवेदनशीलता वाढते. याला गूढ असं काही लागत नाही. ओळ म्हणायची तर उच्छ्वासावरच म्हणावी लागते, ओळ लांब म्हणून उच्छ्वास लांब. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळी तेर्स होतो, एकाने अर्धी प्रार्थना म्हणायची आणि बाकीच्यांनी उरलेली पुरी करायची. वारकऱ्यांच्या हरिपाठात टाळावर एक ओळ इकडून, एक तिकडून. दोन्हीकडे म्हणणाऱ्याच्या छातीत घडतं ते बरंचसं एकच.

आता परंपरेतल्या एका आवडत्या श्रेणीबद्दल थोडा मतभेद नोंदवतो. जप तीन प्रकारचा: मोठ्याने तो वाचिक, ओठ हलतात पण शेजाऱ्याला ऐकू येत नाही तो उपांशू, आणि ओठही हलत नाहीत तो मानस. मनुस्मृतीने यांचे भाव लावून ठेवले आहेत. विधियज्ञाच्या दसपट जपयज्ञ, शंभरपट उपांशू, हजारपट मानस. हा हिशेब वाचून लोक पहिल्याच दिवशी मानस जपाला बसतात, आणि चार मिनिटांत जप एकीकडे व विमा हप्त्याची तारीख दुसरीकडे अशी अवस्था होते. श्वास लांबवण्याचं काम आवाज करतो. मानस जपात ते होईलच असं नाही. नवख्याने मोठ्यानेच म्हणावं. आवाज जरा थकला, श्वास संथ झाला, की तो आपणहून ओठांपर्यंत खाली येतो, आणि कधीतरी ओठही थांबतात. हजारपटीचं फळ तिथे मिळत असेल तर ते त्या वाटेने गेलेल्याला.

माळेचंही असंच. १०८ मणी, वर मेरुमणी, तो ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची. १०८ ओढले तरी हिशेबाला शंभरच धरायचे, वरचे आठ चुकीमाकीचे. तर्जनी मण्याला लावायची नाही, माळ गोमुखीत झाकलेली. यातल्या प्रत्येक नियमाला कुणी ना कुणी वैश्विक कारण चिकटवलेलं आहे. मला साधं कारण पुरतं: मेरुमणी हाताला लागला की पेंगणारा माणूस जागा होतो. मधल्या काळात मन कुठे होतं, हे बोटांना कळतं. लिखित जपाच्या वह्या भरणाऱ्यांना हाच फायदा जास्त ठळकपणे मिळतो, कारण भरकटलेल्या मनाचं अक्षर लगेच बिघडतं. बोटात घालायचे बटणाचे काउंटर हल्ली देवळांबाहेर मिळतात. त्यांत मेरुमणी नाही, एवढीच माझी तक्रार.

मंत्राला अर्थ लागतो का? हा वाद फार जुना आहे. यास्काच्या निरुक्तात कौत्स नावाच्या आचार्याचं मत नोंदवलं आहे की वेदमंत्र अर्थहीन आहेत. यास्काने ते मुद्दे एकेक करून खोडले आहेत. कौत्साला विसाव्या शतकात अनपेक्षित पाठीराखे मिळाले. हार्वर्डचे हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांनी महर्षी महेश योगींच्या भावातीत ध्यानाचे साधक प्रयोगशाळेत बसवून तपासले. (योगक्रिया उपकरणांनी मोजण्याची कल्पना काही हार्वर्डची नाही; लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून क्ष-किरण आणि दाबमापक घेऊन हेच आरंभलं होतं.) बेन्सन यांना साधकांचा श्वास आणि प्राणवायूचा वापर उतरलेला दिसला आणि त्यांनी १९७५ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात सांगून टाकलं की गुप्त मंत्राची गरज नाही, ‘वन’ म्हणजे ‘एक’ एवढा शब्दही चालेल. उच्छ्वासावर तो म्हणा, दहा ते वीस मिनिटं, मन भरकटलं तर रागावू नका आणि पुन्हा शब्दाकडे या. २०१५ साली इस्रायलमध्ये ध्यानाचा अनुभव नसलेल्या २३ लोकांना एमआरआय यंत्रात झोपवून ‘एक’ या अर्थाचाच हिब्रू शब्द मनात घोळवायला सांगितला, तेव्हा मेंदूच्या मोठ्या भागाची हालचाल मंदावलेली आढळली. त्यात स्वतःबद्दलच्या विचारांत गुंतणारं जाळंही होतं. दीक्षा नाही, देव नाही, श्रद्धा नाही.

मग यास्क हरला? थांबा. एमी वाखहोल्त्झ आणि केनेथ पार्गमेंट यांनी अर्धशिशीचा वारंवार त्रास असलेल्या ८३ जणांचे चार गट केले आणि रोज वीस मिनिटं असं महिनाभर त्यांना काम दिलं. एका गटाने देवाबद्दलचं वाक्य घोळवायचं, दुसऱ्याने स्वतःच्या समाधानाबद्दलचं, तिसऱ्याने गवत हिरवं असतं अशा छापाचं, चौथ्याने फक्त स्नायू सैल करायचे. २००८ साली आलेल्या निष्कर्षांत पहिल्या गटाचं डोकं कमी वेळा दुखलं आणि दुखणं सोसण्याची ताकदही त्यांची जास्त वाढली. एका अभ्यासावर इमला उभारू नये हे खरं. तरी मला पतंजलींचा दुहेरी उपाय, जप आणि अर्थभावन, यात व्यवहारज्ञान दिसतं. मनाची खिडकी अडवायला कुठलाही शब्द पुरतो. पण तोच शब्द रोज, वर्षानुवर्षं, ताप असताना आणि घरात मयत झालेलं असताना म्हणावासा वाटायला तो शब्द आपला कुणीतरी लागतो. ‘गवत हिरवं’ हे माणूस महिनाभर म्हणेल. बारा वर्षं म्हणणार नाही. गोंदवल्याच्या ब्रह्मचैतन्य महाराजांनी (१८४५–१९१३) तोच तेरा अक्षरी राममंत्र गावोगावच्या लोकांच्या तोंडी रुळवला तो प्रेमाच्या जोरावर. त्यात गुपित नव्हतं. आणि मंत्र गुप्त ठेवून त्याचं शुल्क आकारण्याची जी रीत नंतर जगभर पसरली, तिच्यात मला काही शास्त्र दिसत नाही.

याच नाशिक जिल्ह्यात, टाकळीपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर इगतपुरी आहे. तिथल्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेचं केंद्र उभं राहिलं, आणि तिथल्या दहा दिवसांच्या शिबिरात मंत्राला सक्त मज्जाव आहे. तिथली विपश्यना शिकवणाऱ्या सत्यनारायण गोएंकांचं म्हणणं असं की शब्द घेतला तर मन लवकर एकाग्र होईल, पण मग जे आहे ते जसंच्या तसं पाहण्याचं काम राहून जाईल. हा आक्षेप खोटा नाही. मंत्र मनाला निवारा देतो, आणि निवाऱ्यात बसलेल्याला पाऊस कसा आहे ते कळत नाही. पण ज्याला आत्ता निवाऱ्याचीच गरज आहे, परीक्षेच्या आदल्या रात्री किंवा दवाखान्याच्या बाकावर, त्याला मी इगतपुरीचा रस्ता दाखवणार नाही. हाताशी शब्द असलेला बरा.

जप जमू लागला की नवीन अडचणी येतात. वेदान्तग्रंथांनी त्या फार बारकाईने टिपल्या आहेत. सदानंदाच्या वेदान्तसारात चार विघ्नं येतात: लय, विक्षेप, कषाय आणि रसास्वाद. लय म्हणजे सरळ झोप. विक्षेप म्हणजे भरकटणं, ते आपण पाहिलंच. कषाय जरा फसवा. झोप नाही, विचारही नाहीत, पण मन कुठल्याशा जुन्या ओढीने ताठून बसलेलं, ना पुढे ना मागे. या अवस्थेला नवखे लोक शांती समजतात. खूण एकच: उठल्यावर माणूस घरच्यांवर खेकसतो. चौथं विघ्न रसास्वाद, आणि ते नेमकं साधलेल्या माणसाला गाठतं. शांत वाटू लागतं, ते आवडतं, उद्याही तसंच वाटावं म्हणून माणूस बसतो. उद्या तसं वाटत नाही. मग आसन बदल, अगरबत्ती बदल, मंत्र बदल, गुरू बदल. चांगली चाललेली कितीतरी साधना इथे मोडते. गौडपादांनी मांडूक्यकारिकेतच बजावून ठेवलं होतं की त्या सुखाची चव घेत बसू नये. हे वाचताना मला नेहमी वाटतं की शांतीच्या आजच्या बाजारात विकली जाणारी वस्तू म्हणजे बहुतेक रसास्वादच आहे.

अपेक्षा किती ठेवावी हेही मोकळेपणाने सांगायला हवं. १९८४ साली डेव्हिड होम्स या मानसशास्त्रज्ञाने तोवरचे प्रयोग एकत्र तपासले तेव्हा नाडी, श्वास, रक्तदाब यांवर ध्यानाचा परिणाम नुसतं स्वस्थ पडून राहण्यापेक्षा जास्त असल्याचं त्याला आढळलं नाही. २०१४ साली ४७ चाचण्या आणि ३,५१५ माणसांच्या आढाव्यात सजगतेच्या ध्यानाने चिंता, नैराश्य आणि वेदना थोड्या ते मध्यम प्रमाणात कमी झाल्याचं दिसलं. मंत्रध्यानाबद्दलचा पुरावा मात्र तोकडा ठरला, आणि औषध, व्यायाम किंवा इतर उपचारांपेक्षा ध्यान सरस असल्याचंही दिसलं नाही. जपाची चाचणी घेणं अवघड आहे हे मान्य. आठ आठवड्यांच्या प्रयोगात टाकळीची बारा वर्षं मावत नाहीत. पण ज्याला रक्तदाबाची गोळी चालू आहे त्याने माळ हातात आली म्हणून गोळी सोडू नये, एवढं या आकड्यांवरून निश्चित म्हणता येतं.

सुरुवात करायची तर घरात आधीपासून असलेला मंत्र घ्यावा: आजीच्या तोंडचा, लहानपणी कानावरून गेलेला. नवा शोधू नये. पाठ सरळ, पण ताणून नाही. आसन स्थिर आणि सुखाचं असावं आणि धडपड सैल सोडावी, यापलीकडे योगसूत्रं बसण्याबद्दल फारसं काही मागत नाहीत. रोजची एकच वेळ, एकच माळ, आवाजात. महिना-दोन महिने झाले की जिना चढताना, कुकरची शिट्टी होईपर्यंत, लोकलची वाट पाहताना तोच मंत्र ओठांवर येऊ द्यावा. भरकटलात हे लक्षात आल्याचा क्षण म्हणजे चूक समजू नये. जपातला सगळा व्यायाम त्या परतण्यातच आहे. दिवसाला दोनशे वेळा भरकटलात तर दोनशे वेळा परतलात.

काहींना मात्र डोळे मिटून बसलं की धडधड वाढते, जुने प्रसंग अंगावर येतात, आपण आपल्यापासून दूर गेल्यासारखं वाटतं. २०२० साली ध्यानावरच्या ८३ अभ्यासांच्या आढाव्यात सुमारे आठ टक्के लोकांना असा काही त्रास झाल्याचं आढळलं. चिंता आणि नैराश्य त्यात सगळ्यात जास्त. याला ‘शुद्धी चालू आहे’ म्हणून रेटत राहायला सांगणारे मार्गदर्शक भेटतात. त्यांचं ऐकू नये. डोळे उघडावेत, बैठक मोडावी, चालत चालत मोठ्याने म्हणावं, किंवा चारचौघांत भजनाला जाऊन बसावं. पूर्वी मानसिक आजार होऊन गेला असेल तर लांब मौनाच्या शिबिराचा अर्ज भरण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं, आणि अर्जात ते लपवू नये.